काळ्या मखमलीचं झबलं

गिरजाच्या दारात, बाप्तिस्म्याच्या दगडी कुंडीपाशी, त्या गोऱ्या बाईनं माझ्या पोराच्या अंगावरचं झबलं धरलं आणि ओढलं.

पोर माझ्या कडेवर होतं. पाच महिन्यांचं. पौष महिना, सकाळची वेळ, बोलताना तोंडातून वाफ निघत होती. झबल्याच्या नाड्या मी पाठीवर दोन-दोन गाठी मारून बांधल्या होत्या, पोरानं ओढू नयेत म्हणून. बाईला गाठ सुटेना. तिनं पोराला माझ्याच हातात पालथं केलं, नाडी तोडली आणि झबलं डोक्यातून काढून घेतलं. पोर उघडं पडलं. कमरेचा काळा दोरा तेवढा राहिला.

ती ते झबलं दोन्ही हातांनी तोंडाशी धरून ओरडायला लागली. काय ओरडत होती ते मला कळत नव्हतं. दारात रेल्वेचे सगळे लोक उभे होते. धुतलेले कपडे घालून, केसांना तेल लावून. गोरे होते, मद्रासी होते. एकही जण पुढे आला नाही. एका बाईनं आपलं पोर मागे ओढून घेतलं.

मी आंतोनीकडे पाहिलं. आंतोनी मद्रासकडचा. गिरजाची घंटा वाजवायचा, झाडलोट बघायचा, आणि गोऱ्यांचं बोलणं आम्हाला, आमचं त्यांना सांगायचा. तो खाली बघत होता. पाद्र्यानं त्याला हटकलं तेव्हा त्यानं तोंड उघडलं.

"मडम बोलते, तू चोर. मुर्द्याचा कपडा चोरला. तिच्या बेटीच्या पेटीवरचा."

चोर. मी, आणि माझ्या कडेवरचं ते पाच महिन्यांचं पोर.

माझे सासरे पायरीखाली उभे होते. पागोटं काढून हातात धरलेलं. त्यांना मी मामाजी म्हणायची. त्यांना वाटलं, आपण समजावून सांगितलं की गोष्ट मिटेल. ते हात जोडून म्हणाले, "जोहार, मायबाप. कापड म्याच नेलं. खड्डा म्या खंदला. मयतावरचं कापड मायं हक्काचं हाय. आज्या-पंज्यापासून चालत आलं. चोरी नाई केली, बाप्पा."

मामाजी एवढं बोलले आणि आंतोनीनं पाद्र्याला दोनच शब्द सांगितले. मला त्यांची भाषा येत नव्हती, पण बोलणं केवढं होतं आणि केवढं सांगितलं गेलं ते कळत होतं.

पाद्र्यानं कुंडीवर लाकडाचं झाकण ठेवलं. त्या दिवशी माझ्या पोराच्या डोक्यावर पाणी घालायचं ठरलेलं होतं.

हे सगळं का झालं ते आता सांगते.

आम्ही महार. गावकीची कामं आमच्याकडे. सांगावा न्यायचा, मेलेलं ढोर ओढायचं, कुणी मेलं की लाकडं वाहायची, पुरणार असतील तर खड्डा खणायचा. पण मामाजींच्या घरी मागही होता. जाडंभरडं कापड विणायचे. कुणब्यांच्या बायका सूत कातून द्यायच्या, मामाजी त्याची पासोडी विणायचे, आणि त्यातलं एखादं हातभर आमच्या अंगाला मिळायचं.

मग तो कापसाचा काळ आला. विलायतेच्याही पलीकडे कुठंतरी लढाई लागली होती म्हणे, तिकडचा कापूस बंद झाला होता, आणि आमच्या काळ्या मातीतल्या कापसाला एकाएकी सोन्याचा भाव आला. मुंबईचे दलाल खेड्यापाड्यात फिरायला लागले. बोंड फुटायच्या आधी सौदे व्हायचे. आमच्या गावातल्या एकानं बैलांच्या शिंगांना चांदीच्या शेंब्या बसवल्या आणि पोळ्याला त्या बघायला चार गावची माणसं आली.

पण बायकांनी कातणं सोडलं. कापूस कच्चाच विकून एवढा पैसा येत असेल तर कातत कोण बसेल? सूत येईना. मामाजींचा माग बंद पडला. कापसाच्या गाड्या आमच्या महारवाड्यावरून रात्रंदिवस जायच्या, गाडीवाटेच्या बाभळींना कापूस लटकलेला असायचा, आणि आमच्या अंगावर कापड नव्हतं. दोन बायकांत एक लुगडं होतं. एक बाहेर गेली की दुसरी घरात बसायची. हे मी ऐकलेलं सांगत नाही. माझ्यात आणि माझ्या चुलत जावेत असंच होतं.

माझा नवरा रेल्वेच्या मातीकामावर गेला. अकोल्याकडून बडनेऱ्याकडे रूळ येत होते, भराव टाकायला माणसं हवी होती. पहिल्याच उन्हाळ्यात पटकीनं गेला. सकाळी कामावर गेला आणि संध्याकाळी बाजेवर घालून आणला. मला तेव्हा दिवस गेले होते. त्याच्या अंगावर पांघरायला घरात काही नव्हतं. मामाजींनी मागावर पडून राहिलेला अर्धा ताणा कापला आणि ती नुसती उभी सुतं आपल्या लेकाच्या अंगावर पसरली. सुतांमधून त्याचं अंग दिसत होतं.

त्यानंतर आमच्या घरात नवं कापड एकाच वाटेनं यायचं. मयतावरचं. गावात कुणी मेलं की घरचे त्याच्यावर कापड घालतात, चितेवर ठेवताना किंवा खड्ड्यात उतरवताना ते काढून बाजूला टाकतात, नाहीतर महारच वाकून काढून घेतो, आणि ते कापड महाराचं. तो आमचा हक्क. माझी चोळी पाटलाच्या चुलतीवरची होती. खरं सांगते, मला त्याचं काही वाटत नव्हतं. उलट म्हातारं माणूस आजारी पडलं की वाड्यात बायका बोलायच्या, यंदा लुगडं येतं वाटते. मीही बोलले आहे. आज ते आठवलं की स्वतःच्या तोंडात मारून घ्यावंसं वाटतं.

नवरा गेल्यावर मी गिरजाच्या बांधकामावर गेले. ठेसनाची जागा ठरली होती, तिथून थोडं अंतर सोडून रेल्वेचे लोक आपला गिरजा बांधत होते. मी चुन्याच्या घाणीवर होते. बैल चाक फिरवायचा, आम्ही बायका चुन्यात बेलफळाचं पाणी आणि गूळ घालायचो आणि पाट्या भरून वर द्यायचो. गूळ चुन्यात जाताना बघून तोंडाला पाणी सुटायचं. पाया घेताना मामाजींनी एक गोष्ट सांगितली होती. म्हणाले, काळ्या मातीवर भिंत उभी केली तर उन्हाळ्यात फाटते, मुरूम लागेपर्यंत खाली जा. गोऱ्या मुकादमानं ऐकलं. दोन पुरुष खोल पाया नेला. तेवढं मात्र त्यांनी महाराचं ऐकलं.

आंतोनी घाणीपाशी येऊन बसायचा आणि गोष्टी सांगायचा. हे गोरे म्हणजे इंग्रज नव्हेत, तो म्हणायचा. आयर्लंड म्हणून त्यांचा वेगळा मुलूख आहे. इंग्रज साहेब यांना आपल्या पंगतीला घेत नाहीत, यांचा धर्मही वेगळा धरतात, म्हणून यांना स्वतःचा गिरजा पाहिजे. यांच्या मुलखात बटाट्याचं पीक सडलं आणि माणसं वाटेवर मरून पडली. पेटी नाही, कापड नाही, तशीच मातीत लोटली. जी जगली ती पोटासाठी समुद्र ओलांडून निघाली. त्यातलीच काही इथे रूळ टाकायला आली.

मी हे ऐकलं आणि मला ती माणसं जवळची वाटायला लागली. माझ्या नवऱ्याच्या अंगावरची सुतं मला आठवली. वाटलं, यांना कळेल.

पाद्री आमच्या वाड्यात यायचा. मोडकं हिंदी बोलायचा. म्हणायचा, डोक्यावर पाणी घेतलं की देवाच्या घरात सगळे सारखे, आणि ज्यानं पाणी घेतलं त्याचं नाव मोठ्या वहीत लिहितात. एकदा शाईनं लिहिलेलं नाव राजालाही खोडता येत नाही.

मला ते नाव पाहिजे होतं. बाकी देवधर्माचं मला फार कळत नव्हतं, खोटं कशाला बोलू? आमच्या पोरांची नावं कचऱ्या, धोंड्या, उकिरड्या. कुणी चांगलं नाव ठेवलंच तर पाटलाचा माणूस विचारायचा, "राजाचं नाव काहून ठेवलं बे? राज्य कराले जाते का?" मग आईबापच ते नाव टाकून द्यायचे. मला वाटायचं, माझ्या पोराचं नाव कुणाच्या तोंडात नको, वहीत पाहिजे. आंतोनीनं मला दावीदची गोष्ट सांगितली होती. मेंढरं राखणारा पोरगा, एवढ्याशा गोफणीनं त्यानं राक्षसासारखा माणूस पाडला. गोफण आम्हाला माहीत. ज्वारीवरची पाखरं आम्ही गोफणीनंच हाकलतो. मी पाद्र्याला सांगितलं, माझ्या पोराचं नाव दावीद लिहा. तो हसला आणि म्हणाला, पौषातल्या दुसऱ्या रविवारी ये.

त्याच्या आधी, कार्तिकात, त्या गोऱ्या मुकादमाची सहा वर्षांची पोरगी तापानं गेली. गिरजाच्या आवारातला तो पहिला खड्डा. तो मामाजींनी खणला. पेटी आली. पेटीवर काळ्या मखमलीचं मोठं कापड, त्यावर पांढरी रेशमी फुली, कडेला पिवळा गोट. एवढं जड कापड मामाजींनी जन्मात पाहिलं नव्हतं. पेटी दोरांवर खाली सोडताना ते कापड काढून मातीच्या ढिगावर टाकलं. आई खड्ड्याच्या काठाशी खाली बसली, तिला दोघांनी धरून नेलं, मागोमाग सगळे गेले. आंतोनी एकटा राहिला होता. मामाजींनी खड्डा बुजवला, कापडाची घडी घातली, डोक्यावर ठेवली, आंतोनीला जोहार घातला आणि घरी आले.

आंतोनीला वाटलं, म्हातारा कापड गिरजात ठेवायला चालला आहे. मामाजींना वाटलं, हक्क घेऊन घरी चाललो आहे. यात कुणाला चोर म्हणायचं?

ते कापड एका मयताचं नव्हतंच. ते सगळ्यांचं होतं. त्या लोकांनी वर्गणी काढून मुंबईहून मागवलं होतं, की इथे आपल्यातलं कुणीही मेलं तरी उघडं जाणार नाही. जो मरेल त्याच्या पेटीवर घालायचं, आणि काढून परत पेटाऱ्यात ठेवायचं. पुढच्यासाठी. हे मला फार उशिरा कळलं. मयतावरचं कापड माणूस परत घरात ठेवतो, दुसऱ्या मयतासाठी जपतो, हे आमच्या डोक्यात येणंच शक्य नव्हतं. गावात असं कापड दारातसुद्धा कुणी आणत नाही. म्हणून तर ते आम्हाला मिळतं.

त्यांनी ते कापड दोन महिने शोधलं. गोदामात शोधलं, धोब्याकडे शोधलं. आम्हाला कुणी विचारलं नाही, कारण ते आमच्याकडे असेल असं कुणाच्या मनात आलं नाही.

मामाजींनी ते माझ्यापुढे ठेवलं होतं. "सूनबाई, नातवाले झबलं शिव. पाणी घ्याले जाईन तवा आंगावर नवं पायजे." मग बोट दाखवून म्हणाले, "फुलीले हात नोको लावू. ते देवाचं हाय."

मी कडेचा तुकडा कापला. सुई उसनी आणली. पिवळा गोट गळ्याशी येईल असं बेतलं. काळं कापड म्हणजे पोराला दृष्ट लागायची भीती नाही, म्हणून मला आणखीच आनंद. उरलेलं कापड, फुलीसकट, मामाजींनी घडी करून मागाच्या तुळईवर ठेवलं आणि त्यापुढे रोज हात जोडायला लागले.

असं ते झबलं. ते घालून मी पोराला मिरवत त्यांच्या दारात घेऊन गेले. चोर असा जातो का?

त्या सकाळी पाद्र्यानं निवाडा केला. पोलिसात देणार नाही, म्हणाला, देव क्षमा करतो. पण तीन रविवार दाराबाहेर उभं राहायचं, गळ्यात त्या झबल्याची चिंधी बांधून, सगळ्यांना दिसेल असं. मग पोराला पाणी मिळेल. मामाजींनी पायरीवर नाक घासलं. मी घासलं नाही, पण कबूल झाले. कबूल झाले हे मला सांगितलंच पाहिजे. मला ते नाव वहीत पाहिजे होतं.

उरलेली मखमल मामाजी त्याच दिवशी पोचवून आले. झबल्याची तोडलेली नाडी तेवढी माझ्या गळ्यात बांधली.

पहिल्या रविवारी उभी राहिले. पोर गोणपाटात गुंडाळलेलं, कापसाचे गठ्ठे बांधतात त्या गोणपाटात. आत गाणं चाललं होतं. दार उघडं होतं. आतल्या भिंतींवर माझ्या हातचा चुना होता, गुळगुळीत, पांढरा. उत्तरेचा वारा सुटला होता. मी पाठ वाऱ्याकडे केली तेव्हा आंतोनी बाहेर येऊन म्हणाला, "तोंड इकडे. लोकांना दिसला पायजे." मी तोंड तिकडे केलं. वारा पोराच्या अंगावर आला.

मंगळवारी पोराला डबा झाला, छाती भरली. बरगड्या उडायला लागल्या. दूध ओढेना. वाड्यातल्या म्हातारीनं पोटावर डाग दिला. बुधवारी दुपारी त्याची नखं निळी पडली तेव्हा मी त्याला उचललं आणि गिरजाकडे पळाले. पाद्री नव्हता. अकोल्याला गेला होता, परवा येणार होता. आंतोनी आवारात पाचोळा झाडत होता.

मी म्हणाले, "आंतोनी, याले पानी घाल."

तो म्हणाला, "फादर नाय. फादर आल्यावर."

"हा परवापर्यंत राहत नाई. पाय तं याच्याकडं."

त्यानं पाहिलं. मुकादमाच्या बंगल्याकडे पाहिलं. बाई व्हरांड्यात उभी होती. तो पुन्हा झाडायला लागला.

पोर परत येताना वाटेतच गेलं. भरावाच्या पायथ्याशी, जिथे त्याचा बाप माती टाकत होता त्याच्या जवळपास. मला कळलं तरी मी चालत राहिले. घरी आणून मामाजींच्या मांडीवर दिलं.

गिरजाच्या आवारात जागा मिळणार नव्हती. पाणी न घेतलेलं पोर आत पुरत नाहीत, असा निरोप विचारायच्या आधीच आला. मी विचारणारही नव्हते. आमच्या मसणात, बापाच्या शेजारी मामाजींनी खड्डा खणला. हातभर खणून थांबायचे आणि कुदळीच्या दांड्यावर कपाळ टेकायचे.

तेवढ्यात आंतोनी आला. हातात कागदाचं पुडकं. झबलं होतं. धुतलेलं, इस्त्री केलेलं. नाडीच्या जागी नवी पांढरी फीत शिवलेली.

"मडमनं दिला," तो म्हणाला. "मडम बोलते, बच्च्याला घाल. मडम रडते."

रडत असेल. खोटं कशाला म्हणू? तिचीही पोरगी दोन महिन्यांपूर्वीच मातीत गेली होती, आणि तिच्या मुलखात कापडाविना पुरलेली माणसं तिनं डोळ्यांनी पाहिली असतील. मला तिचं दुःख पुरतं कळत होतं. म्हणूनच माझा राग कुठे मावेना. जितं पोर होतं तेव्हा त्याच्या अंगावरून ओढून घेतलं, आणि मेल्यावर इस्त्री करून पाठवलं. आता ते खरोखरच मयताचं कापड झालं होतं. आता ते आम्हाला द्यायला हरकत नव्हती.

"परत ने," मी म्हणाले. "तिले सांग, मले नोको."

तो पुडकं धरून उभाच राहिला. मी अंगावरचं लुगडं पदराकडून फाडलं. दोन हात लांब. चुलत जावेचाही त्यात वाटा होता. पोराला त्यात गुंडाळलं, डोक्यापासून पायापर्यंत, आणि मामाजींच्या हातात दिलं. त्यांनी खाली उतरून त्याला निजवलं. वर आले. फावडं उचललं. मग फावडं खाली ठेवलं, वाकले, आणि त्यांचा हात खड्ड्यात गेला. कापडाकडे.

चाळीस वर्षं तो हात तसाच जात आला होता. मयत खाली ठेवायचं, कापड काढून घ्यायचं, माती लोटायची. डोळ्यांतून पाणी चाललं होतं आणि हात आपलं काम करत होता. नातवाच्या अंगावरचं कापड सुटायला लागलं होतं.

मी त्यांचं मनगट धरलं.

"मामाजी. आपलं पोट्टं हाय."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मग स्वतःच्या हाताकडे पाहिलं. असं ओरडले की बाभळीवरचे कावळे उडाले. मी त्यांना बाजूला बसवलं आणि माती मी लोटली.

त्या दिवशी माझ्या आत काय तुटलं ते मला तेव्हा सांगता आलं नसतं. आज सांगते. तोवर मला वाटत होतं, माझा अपमान त्या गोऱ्या बाईनं केला. खड्ड्याच्या काठावर कळलं की तो त्याच्या कितीतरी आधी झालेला होता. ज्यानं हे कापड पहिल्यांदा माझ्या कुठल्यातरी पणज्याच्या अंगावर फेकलं आणि त्याला हक्क म्हण म्हणून सांगितलं, त्यानं केला. आणि आम्ही तो अपमान धुऊन, शिवून, पोराबाळांना नेसवत आलो.

चैत्रात रूळ पुढे गेले आणि रेल्वेचे लोकही निघाले. आंतोनी जाण्याआधी आमच्या दारात आला. ओट्यावर बसला नाही, उभाच राहिला. म्हणाला, मला दोन गोष्टी सांगायच्या आहेत, नाहीतर झोप येत नाही. पहिली ही, की त्या सकाळी म्हातारा हक्काबद्दल बोलला ते मी पाद्र्याला सांगितलंच नाही. "चोरी कबूल" एवढंच सांगितलं. कारण म्हाताऱ्याला कापड नेताना मी पाहिलं होतं, आणि ते बाहेर आलं असतं तर मला काढून टाकलं असतं.

"अन् दुसरी?"

"पाणी," तो म्हणाला. "माणूस मरत असला तर पाणी कोणपण घालतो. फादर नको लागते. मी पण घातला असता तर चालला असता."

"मंग काहून नाई घातलं?"

"मडम बघत होती."

तो रडायला लागला. मी त्याला बस म्हणाले नाही. पाणीसुद्धा विचारलं नाही. तो गेल्यावर मी बराच वेळ आमच्या घागरीकडे बघत होते. कोणपण, म्हणाला होता. म्हणजे मीसुद्धा? घागर माझ्या घरात होती. आणि मी उघड्या पोराला घेऊन दुसऱ्याच्या दारात पळत गेले.

ज्येष्ठात पाटलाची आई मेली. सांगावा आला. मामाजी कुदळ घेऊन निघाले, मी मागोमाग गेले. म्हातारीवर तांबडं रेशमी लुगडं होतं, कापसाच्या पैशाचं. तिला खाली ठेवलं, पाटलाच्या माणसानं लुगडं ओढून काढलं आणि आमच्या पायांपुढे टाकलं.

मी म्हणाले, "आमी घेत नाई. जिचं हाय तिच्यासंगं जाऊ द्या."

कुणाला कळेना. पाटलाचा माणूस म्हणाला, "माजली काय वो म्हारीण? उचल."

"आजपासून नाई उचलत."

सगळे मामाजींकडे बघायला लागले. मीही बघितलं. मला वाटलं, म्हातारा वाकणार. ते लुगड्याकडे कितीतरी वेळ बघत होते. मग कुदळ खांद्यावर घेतली आणि वाड्याकडे चालायला लागले. लाथ मला बसली, पाठीत. त्यांनी मागे वळून पाहिलं नाही. बरं झालं, नाहीतर परतले असते.

त्याचं काही चांगलं झालं असं मी सांगणार नाही. आमचं बलुतं बंद झालं. खळ्यावर पाय ठेवू देईनात. लुगडं तीन दिवस मसणात पडलं होतं, चौथ्या दिवशी आमच्याच वाड्यातल्या एकीनं उचललं. मी तिच्याशी भांडले नाही. तिच्या अंगावर काही नव्हतं. कापसाचा भाव मग पडला, शेंब्या विकल्या गेल्या, तरी माग काही चालू झाला नाही. विलायतेचं तलम कापड बाजारात आलं होतं. मामाजी दोन वर्षांनी गेले. पोटात अन्न नव्हतं हेच खरं कारण. ते माझ्या हट्टापायी झालं, आणि ते ओझं मी कुणावर टाकत नाही. मरताना त्यांनी एकच विचारलं, "मायावरचं कापड कोनी काढन का वो?" मी नाही म्हणाले. काढू दिलं नाही.

गिरजा अजून उभा आहे. त्यात कुणी जात नाही, आत पारवे राहतात. भिंतीला कुठे भेग नाही. पाया मुरमापर्यंत नेलेला आहे आणि चुना माझ्या हातचा आहे. त्या मोठ्या वहीत दावीद हे नाव नाही.

आता मी थकले. वाड्यात अजून मयताचं कापड येतं, पोरी अजून ते नेसतात आणि मला हसतात, म्हातारी येडी आहे म्हणतात. हसू द्या. माझ्या अंगावर आज जे लुगडं आहे ते मी निंदणीच्या मजुरीतून घेतलेलं आहे. फाटकं आहे, पण ते कुणाच्या मढ्यावरून उतरलेलं नाही. मी मेल्यावर मला यातच पुरा. आणि माझा खड्डा खणणाऱ्याचा हात जर या लुगड्याकडे आला, तर तिथे जी बाई उभी असेल तिनं त्याचं मनगट धरायचं. सोडायचं नाही.